रुमाल नंबर बहात्तर

सोमवार, ४ मार्च

दफ्तरखान्याच्या सूचीत नोंद आहे, पण फाईली बांधून ठेवलेल्या कापडी रुमालात फाईल नाही! एकसष्ट नंबरच्या रुमालाची गाठ सोडली, कागद न् कागद पाहिला, परत बांधला. पंपहाऊसच्या कामगारांना घरांच्या जागा कायमच्या दिल्या, तो हुकूम त्याच फाईलमध्ये आहे. नाही मिळाला तर पंधरा तारखेच्या सुनावणीनंतर वस्ती उठणार. तिथे राहणाऱ्या मावशींचे वडील पंपावर होते, मावशींचा जन्मच त्या घरातला. सकाळी फोनवर म्हणाल्या, "तुम्ही शोधताय म्हणून मी निर्धास्त आहे हो."

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या दफ्तरीकाकांवर डाफरलो. सरकारी कारभार, दुसरं काय.

मंगळवार, ५ मार्च

काकांनी जुनं रजिस्टर पुढे सरकवलं. त्या फाईलपुढे शेवटची सही माझी. एकोणीस वर्षांपूर्वीची.

बुधवार, ६ मार्च

आठवलं. म्हणजे, विसरलो कधी होतो?

पीएचडीचं शेवटचं वर्ष. दुसरा एकजण याच विषयाच्या मागे होता, रोज माझ्या आधी येऊन टेबल अडवायचा. फाईल त्याच्या हाती लागू नये म्हणून मी ती परत करताना भलत्याच रुमालात सरकवली — बहात्तर, किरकोळ पत्रव्यवहार, तिकडे कुणी फिरकत नाही. प्रबंध झाला की जागेवर ठेवू, म्हटलं. राहूनच गेलं. तेव्हा आम्ही सगळेच असं करायचो — हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

गुरुवार, ७ मार्च

"काका, बहात्तर द्या."

"तो कुठला आता? सहा वर्षांपूर्वी नाश करायच्या यादीत गेला. लगदा झाला त्याचा. तुम्हाला कशाला हवा होता?"

सहज, म्हटलं. वर त्यांनीच मला चहा पाजला.

शनिवार, ९ मार्च

माळ्यावर तेव्हाची वही सापडली! हुकूम अक्षरशः उतरवून घेतलाय, जावक क्रमांकासकट. तसाच ताईकडे धावलो, केस तीच लढतेय.

"चालेल," ती म्हणाली. "पण मूळ कागद का नाही, ते शपथेवर सांगावं लागेल. कुठे गेला?"

"गहाळ झाला."

"कसा?"

लहानपणी मी थापा मारायला लागलो की ती अशीच बघायची.

मंगळवार, १२ मार्च

ताईला सांगून टाकलं. "गाढवा," म्हणाली, मग वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. शेवटी — "कोर्टात बोलशील?"

बोलेन. कॉलेजातली नोकरी गेली तर गेली. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू.

गुरुवार, १४ मार्च

मावशींच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

शुक्रवार, १५ मार्च

सगळं सांगितलं. समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं, "स्वतःच्या फायद्यासाठी जो सरकारी फाईल लपवतो, त्याने हा हुकूम घरी बसून लिहिला नसेल कशावरून?"

वही ग्राह्य धरली नाही. मावशींना महिन्याभरात घर सोडायचंय.