सहीची वही घरी येते

तिसगाव, ५ एप्रिल १९७२
७८६
ती. लतीफमामूंना जैतूनचा सलाम, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. दुपारी डोळा लागला की मला ग्रामपंचायतीची खोली दिसते. आत गारवा, निळसर उजेड आणि माझ्याकडे तोंड केलेली रिकामी खुर्ची. वर्ष झालं मी सदस्य आहे, तरी ती खोली जागेपणी पाहिलेली नाही. दोन बायका घ्याव्याच लागतात म्हणून मला नि चांगुणाबाईंना घेतलं. बैठक झाली की मच्छिंद्र शिपाई वही घरी आणतो, मी दाराआडून सही करते.

वीस तारखेला नवी विहीर कुठं खणायची ते ठरणार आहे, आमच्या मोहल्ल्यात की सरपंचांच्या मळ्याकडे. दोन घागरींसाठी आम्ही मैलभर चालतो. मला जायचंय. बाईमानसाचं पंचायतीत काय काम हाय, दीनात, आपल्या धर्मात बसत न्हाई, असं सासरे म्हणतात. तुम्ही मौलवी, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. खरं ते कळवा.

लोभ आहेच, तो वाढो.
जैतून

पारनेर, १० एप्रिल
चि. जैतूनला मामूची दुआ.

लहानपणी माझ्याकडे कुराणाचा सबक घेताना 'का' विचारून माझं डोकं खायचीस, ती खोड गेली नाही म्हणायची.

हुजूर पैगंबरांनी बायकांकडूनही बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतली. त्यांच्या नवऱ्यांकरवी नव्हे. मशिदीत एका बाईनं हजरत उमरना भर सभेत अडवलं, तेव्हा बाई बरोबर, उमर चुकला, असं खलिफा असून ते म्हणाले, असं सांगतात. सगळे मौलवी माझ्यासारखं बोलणार नाहीत. पण मसलतीत बाईचं मत चालतं, हा माझा पक्का विश्वास आहे. पदर नीट घे आणि जा. हे सासऱ्यांना वाचून दाखव.

दुआगो,
लतीफमामू

तिसगाव, २१ एप्रिल
ती. मामूंना सलाम, वि. वि.

सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, मग जा म्हणाले.

खोलीत गारवा नव्हता, पत्रा तापला होता. तरी मी झोपेतच आहे असं वाटत राहिलं. माझाच आवाज लांबून येत होता. घागरी, मैल, पोटुशी बायका, सगळं सांगितलं. माझ्यासकट चार हात आमच्या बाजूनं वर झाले, चार तिकडे. चांगुणाबाई आल्याच नव्हत्या. मग सरपंचांनी वही उघडली. मळ्याच्या ठरावाखाली चांगुणाबाईंची सही होती, म्हणजे तिकडे पाच. मच्छिंद्रानं ती सकाळीच घरी जाऊन आणली होती.

मी खूप रडले, मामू. संध्याकाळी चांगुणाबाईंकडे गेले. कशाची सही ते कुनी सांगितलंच न्हाई, असं त्या म्हणाल्या. त्याही आमच्याच वाटेनं पाणी आणतात.

पुढच्या बैठकीच्या सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे, मच्छिंद्राच्या आधी.

माया असू द्यावी.
आपली,
जैतून