साठीतला जावई

१६ मे, सकाळी
आजपासून धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावई या माणसाची किंमत जगाला कळते. सासरहून बोलावणं, पाटावर बसवणं, पुरणाचे धोंडे, दिव्याचं वाण, वर कपडे. आम्ही जिल्ह्याच्या या टोकाला, आष्टीकडे. माझं सासर पार त्या टोकाला, धर्मापुरीत. सासरे गेले, पण सासूबाई तुळजाबाई पंच्याऐंशीच्या आसपास, अजून खणखणीत. मेव्हणा शहादेव तिथल्या दूध सोसायटीचा चेअरमन. बोलावणं आठवड्याच्या आत येईल.
ठराव: आपण होऊन फोन करायचा नाही. जावयानं विचारायचं नसतं. सूचक मी, अनुमोदक मी. सर्वानुमते मंजूर.

१८ मे
बोलावणं नाही. लग्नसराई आहे, शहादेव गडबडीत असणार.
रोज पहाटे चालायचं ठरवलं. सासरी पोट घेऊन जाणं बरं दिसत नाही. आज वेशीपर्यंत गेलो. तिथं पारावर जरा टेकलो. ऊन चढलं म्हणून सटवा शिंप्याच्या मोटारसायकलवर परत. सुरुवात म्हणून समाधानकारक.

१९ मे
चालणं नाही. टँकरचा दिवस. माणसं ऊसतोडीहून परतल्यापासून गाव दुप्पट झालंय आणि टँकर तेवढाच. रांगेत ढकलाढकली चालली होती. शेजारची केशरबाई ओरडली, अगं त्या बाबाला आदी भरू द्या की, उभं ऱ्हावंना त्येला. लगेच वाट मोकळी झाली आणि माझा हंडा पहिला भरला. गावच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून जन्म काढला, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी लोक मान ठेवून आहेत. बाबा कोणाला म्हणाली ते कळलं नाही. मागं वळून पाहिलं, मागं कोणी नव्हतं.

२१ मे
आमचा जावई महारुद्र, पाटोद्याला पतसंस्थेत क्लार्क. त्याचा आज व्हॉट्सॲपवर मेसेज. अधिक मासाचे महत्त्व. वर गाय, खाली फुलं, मधे जावयाला काय काय द्यावं त्याचं वर्णन. काय हा हावरेपणा! गावात प्यायला पाणी नाही, आमची म्हैस सोसायटीच्या चारा छावणीत, चहा कोरा, आणि याला धोंडे पाहिजेत. दुष्काळात असले प्रकार सरकारनं बंदच करायला हवेत. आमच्या पिढीतला जावई तोंडातून शब्द काढत नसे.
संध्याकाळी तोच मेसेज शहादेवला पाठवला. केवळ माहितीसाठी.

२२ मे
शहादेवचं उत्तर आलं. जोडलेले दोन हात. अर्थ उघड आहे: बोलावणं पक्कं, तारीख तेवढी राहिली.
दुपारी सटवाकडे जाऊन माप दिलं. गेल्या धोंड्याला शहादेवनं सफारीचं कापड दिलं होतं, यंदाही देईल. ऐन वेळी धावपळ नको. सटवा म्हणाला, आप्पा, कापड कुठंय? म्हटलं, येतंय. त्यानं टेप लावून दोन्ही मापं घेतली. मग म्हणाला, छातीचं माप पोटाला अन् पोटाचं छातीला घेतलं असतं तर लई झ्याक बसलं असतं. चांगला शिंपी होता. आता नजर कमी झाली असावी. वय होतंच माणसाचं.

२५ मे
बोलावणं नाही.
छबूनं, म्हणजे घरच्यांनी, विषय काढला. महारुद्रला कधी बोलवायचं? मी म्हटलं, यंदा नको. ती म्हणाली, कावून? मी पाण्याची परिस्थिती समजावून सांगितली. ती म्हणाली, मनकर्णाला काय सांगू, टँकर आला न्हाई म्हून तुज्या नवऱ्याला बोलवीत न्हाईत? म्हटलं, पुढच्या धोंड्याला बघू. ती म्हणाली, पुढल्या धोंड्याला तुमी त्रेसष्टचे व्हताल. माझं वय मधे कुठून आलं, कळलं नाही. बायकांना मुद्द्याला धरून बोलता येत नाही.
मग म्हणाली, अन् धर्मापुरीहून बोलावलं तर जानार का? तो प्रश्न वेगळा. तिथं धर्माचा संबंध येतो.

२८ मे, संध्याकाळी
पूर्वेला ढग आले. वारा सुटला, धूळ उडाली, केशरबाईच्या शेडचा एक पत्रा आमच्या अंगणात येऊन पडला. पाऊस नाही. उन्हाळा संपायला आला म्हणतात, पण त्याला कोणी कळवलेलं दिसत नाही. लहानपणी तो कधी संपूच नये असं वाटायचं. आता गुडघे दुखायला लागले की समजायचं, हवा बदलतेय. गुडघे हवेमुळेच दुखतात.
खरं लिहायला हरकत नाही, वाचणारा मीच आहे. मला तिथं जायचंय. सोसायटीत नवा सेक्रेटरी कॉम्प्युटरवर बसतो आणि मला खुर्ची व्हरांड्यात टाकून देतो, हवा लागते म्हणून. गावात कोणी आप्पा म्हणतं, कोणी काका, कोणी आणखी काही. पण धर्मापुरीच्या त्या घरात पाटावर बसलो की सासूबाई पदर सावरून म्हणतात, जावईबापू, लाजू नका, अजून एक घ्या. तिथं मी पंचविशीतच आहे. लग्नाच्या दिवशी होतो तेवढाच. असं घर आता दुसरं राहिलेलं नाही. पुढच्या धोंड्यापर्यंत कोण असेल, कोण नसेल, काय सांगावं. हे मी सासूबाईंबद्दल लिहितोय.

१ जून
आज गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांनाच १ जूनला जन्माला घातलं. कागदावर मला आज साठ पूर्ण. कागद चुकीचा आहे. आई म्हणायची, तू पोळ्याच्या आसपासचा. वर्ष तिला आठवत नव्हतं. म्हणजे मी सत्तावन्नचाही असू शकतो. रिटायर करताना हा मुद्दा मी साहेबांच्या लक्षात आणून दिला होता. ते म्हणाले, हे नोकरीला लागताना आठवलं नाही का?
मनकर्णाचा फोन आला. म्हणाली, आप्पा, साठीशांत करायची का, भटजीला विचारून ठेवते. फोन कट झाला. गावात रेंजच नसते. नंतर दिवसभर फोन बंद ठेवला, बॅटरी वाचावी म्हणून.

४ जून
बोलावणं नाही. महिना निम्म्याच्या पुढं गेला.
चुकून शहादेवला मिस्ड कॉल गेला. मग पुन्हा एकदा चुकून गेला.

६ जून, सकाळी
आलं! शहादेवचा स्वतः फोन. म्हणाला, दाजी, येत्या ऐतवारी या, धोंडे हायेत. तुमच्याबिगर काम व्हनार न्हाई, घरात दुसरं मोठं मानूस कोन हाय आता? मी रीतीप्रमाणे म्हटलं, कशाला एवढा त्रास, दुष्काळ आहे. तो म्हणाला, आमाला कसला त्रास, तरास तर तुमालाच हाय दाजी. चेअरमन झाला तरी पाय जमिनीवर आहेत.
छबू यायची नाही. म्हणे, टँकर आला तर पानी कोन भरंल? तिला आणखी काही सांगायचं होतं. अवं ऐका की, भाऊ मला बोललाय, त्येची कंबर धरलीया. म्हटलं, कंबरेचं परत आल्यावर सांग. मी सफारीच्या रंगाचा विचार करत होतो. फिकट राखाडी मला शोभतो.

८ जून
मृग निघाला. कॅलेंडरात.
मिशीला डाय लावला. पुडीवर लिहिलेलं, अर्ध्या तासानं स्वच्छ पाण्यानं धुवा. टँकर सकाळी येणार होता, म्हणून सकाळीच लावला होता. आला नाही. घरातलं पाणी पिण्याचं. छबू हंड्यापासून हलेना. म्हणाली, पावनेरावळे तहानले तर मिशी पाजू का त्येंना? टँकर दिवस मावळताना आला. तोवर डाय होता तिथं मुरला आणि शेजारीही पसरला. मिशी आता नाकापासून ओठापर्यंत सलग झाली आहे. छबू पदरात तोंड घालून बराच वेळ हसली. लांबून भरदार दिसते.

९ जून, बीडच्या स्टँडवर
कंडक्टरनं न विचारताच म्हाताऱ्यांच्या सवलतीचं तिकीट पुढं केलं. मी पूर्ण तिकीट मागितलं. तो म्हणाला, बाबा, घ्या की, सरकार देतंय तर कावून सोडता? मी पूर्णच घेतलं. हा तत्त्वाचा प्रश्न होता. सासरी निघालेला जावई सवलतीत जात नाही.

१० जून, संध्याकाळी, धर्मापुरी
सविस्तर लिहायची इच्छा नाही. थोडक्यात.
अंगणात मांडव, मांडवात रांगोळीचे तीन पाट. शहादेवचे स्वतःचे जावई दोन. तिसरा पाट कोणाचा, हे सांगायला नको. मी बसलो. शहादेवची बायको सुंदरबाई आतून धावत आली. म्हणाली, अवं दाजी, तितं कुठं बसलाव? उठा उठा, त्यो महारुद्रबापूचा पाट हाय. तेवढ्यात खांद्यावर नवा टॉवेल टाकून महारुद्र बाहेर आला. भाचीच्या नवऱ्याचा जावईमान मामाच्या घरी करायचा, असं बहीणभावाचं ठरलेलं. मनकर्णा पण आलेली. मला कोणी बोललं नव्हतं. म्हणजे छबू बोलत होती.
शहादेव कंबरेला रुंद पट्टा बांधून खुर्चीत बसलेला. म्हणाला, दाजी, डाक्टरनी वाकायचंच बंद केलंय. जावयाचे पाय धुयाला घरातलं मोठं मानूस लागतं, म्हून तुमाला तरास दिला. आणि माझ्या हातात तांब्या दिला.
तिघांचे पाय धुतले. पहिले दोघे लाजले. महारुद्र म्हणाला, मामा, राहू द्या की. पाय मात्र मागं घेतला नाही. पाणी खाली परातीत धरलं, जास्वंदीला घालायला. शेवटचा पाय झाला आणि माझं उठणं झालं नाही. दोन जावयांनी दोन बगलांत हात घालून मला उभं केलं. खाली ओल होती, त्यामुळे तसं झालं.
तरी मुख्य माणूस बाकी होतं.
सासूबाई आत खाटेवर. वर्षभरापासून त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हाक मारली, माजा जावई कुठंय? सगळ्यांनी मला पुढं केलं. मी खाटेजवळ बसलो. त्यांच्या मांडीवर नव्या कापडात बांधलेला दिवा होता, स्वतःच्या हातांनी द्यायला जपून ठेवलेला. त्यांनी आधी माझा हात चाचपला. मग गाल. मग डोकं, जिथं केस होते तिथं. बराच वेळ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, न्हाई गं, ह्यो न्हाई. माजा जावई तरनाताठा हाय.
शहादेव ओरडला, आई, अगं राधाकिशन दाजीच हायेत! त्या त्याच्यावरच उखडल्या. येडा का खुळा तू? त्येचं लगीन मी लावलं, मला ठावं न्हाई व्हय त्यो कसा हाय?
तेवढ्यात महारुद्र पाया पडायला वाकला. त्यांचा हात त्याच्या दाट केसांवर पडला आणि त्या तोंडभर हसल्या. आला का माजा बापू, किती वाट बगायची, म्हणून दिवा त्याच्या हातात दिला. महारुद्रनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, घे, राहू दे. मग रुमालानं डोळे पुसले. प्रवासाची धूळ असावी.
मग सासूबाई सुंदरबाईला म्हणाल्या, अन् ह्या बाबालाबी दोन धोंडे वाढ गं. लांबून आलेलं दिसतंय बिचारं.

११ जून, परतीच्या गाडीत
मोतीबिंदू असणार. ऑपरेशन करून घ्या, असं शहादेवला बजावून आलो. मग बघा कशा ओळखतात. हातांनी माणूस कळतो का कधी.
मनकर्णा दोन दिवस मामाकडं राहिली. महारुद्र शेजारी बसलाय, दिवा मांडीवर धरून. पाटोद्याच्या फाट्यावर उतरणार. दोनदा म्हणाला, मामा, हा तुमचाच हाय, तुमी न्या. मी ऐकू न आल्यासारखं केलं.
छबूचा फोन आला. पोटभर जेवलात का, विचारलं. म्हटलं, जेवलो. दोन खाल्ले. चांगले झाले होते, तूपही सढळ हातानं वाढलं. तिसरा खायची इच्छा होती.
जावई असतो तर मागितला असता.