डोक्याला बांधायची बॅटरी

बाबा, आज दुकान लवकर बंद केलं. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला एक्स्टेंशन बोर्ड पाहिजे होता. त्याला म्हटलं उद्या या. "ताई, पाच मिनिटं तं लागते," तो म्हणाला, आणि मी त्याच्या तोंडावर शटर ओढलं. तुम्ही असता तर रागावला असता. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं तुम्हाला कधी जमलंच नाही. पण आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमची नात नागद्वारच्या यात्रेला गेली आहे. काल सकाळी शहापूरच्या फाट्यावरून मंडळाची गाडी निघाली. आता ती पचमढीच्या त्या डोंगरात पावसात चालत असेल, आणि तिचा फोन लागत नाही. तिथे तो कोणाचाच लागत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी दुपारपासून लावून राहिली आहे.

धानाची रोवणी आटोपत आली की आपलं दुकान कसं भरून जायचं! सिहोऱ्याचे, दिघोरीचे, कुठले कुठले यात्रेला निघालेले भगत यायचे, पायाला अजून शेताच्या बांधीतला चिखल, आणि सगळ्यांना बॅटरी पाहिजे. टॉर्च म्हणणारा माणूस तेव्हा आपल्या दुकानात चढतच नसे. तुम्ही कपाटाला हात लावायच्या आधी विचारायचे, "समोर चालता का मांगं?" समोर चालणाऱ्याला लांब झोत फेकणारी, मागे चालणाऱ्याला जवळच पण रुंद उजेड देणारी, कारण त्याला पुढच्यांचे पाय दिसले पाहिजेत. मग बॅटरी पेटवून सरळ पाण्याच्या बादलीत टाकायची आणि चहा सांगायचा. चहा संपेपर्यंत ती बादलीच्या तळाशी पेटलेली. कोणीतरी हमखास म्हणायचं, "शेठ, बॅटरी इकून राहिले का धुऊन राहिले?" तुम्ही हसायचे नाही. बाहेर काढून, पुसून, काउंटरवरून फरशीवर पाडायचे, आणि तेवढं झाल्यावर भाव सांगायचे. आई आतून ओरडायची की याच बादलीत मी भाज्या धुते. तुम्ही ऐकलं नाही असं दाखवायचे.

तुम्ही स्वतः दरवर्षी मंडळात सगळ्यात मागे चालायचे. मी दहावीत असताना एकदाच मला सोबत नेलं. तिथली ती गुहा मला अजून दिसते. आडवं होऊन शिरावं लागतं, छातीला दगड, पाठीला दगड, वरून पाणी गळून राहिलं आहे, आणि माझी बॅटरी विझते. मी बोंब मारते. मागून तुमचा हात येतो, त्यात तुमची बॅटरी. "घे बाई. तू चाल, मी हावो मांगं." तुम्ही भिंत चाचपत येता. बाहेर आल्यावर एक म्हातारी, कोण कुठली, मला म्हणते, "भगत, जरा उजेड दाखव वो." त्या वाटेवर पोर काय, म्हातारी काय, सगळे एकमेकांना भगतच म्हणतात. मी बॅटरी छातीशी धरली आणि पुढे निघाले. तेव्हा तुम्ही माझा दंड धरला. आयुष्यात मला पहिल्यांदा असं धरलं तुम्ही. "इथं पाण्याले न् उजेडाले नाई म्हणत नसते. घरी काय करायचं ते कर, इथं नाई." म्हातारीला पूर्ण चढण पार करून देईपर्यंत मला पुढे जाऊ दिलं नाही. दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हीही समजूत काढली नाही.

तुम्ही गेले तेव्हा ही पोट्टी माझ्या पोटात होती. मंडळातल्यांनी सांगितलं ते इतकंच. आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला, दिवसाढवळ्या दरीत अंधार झाला. दिघोरीच्या एका बाईची बॅटरी पाणी जाऊन बंद पडली. ती रडायला लागली. तुम्ही तुमची तिच्या हातात दिली, तिला पुढे घातलं, आणि मागे राहिले. उतार संपल्यावर मंडळाने माणसं मोजली. मग हाका मारल्या. तुम्ही नाल्यात सापडले ते पाणी उतरल्यावर.

तेरवीच्या आधी ती बाई आपल्या घरी आली. पदरात तुमची बॅटरी बांधून आणली होती. वर तुम्हीच चढवलेली प्लास्टिकची पिशवी, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. "मी मांगतली नोती वो माय," ती आईला म्हणाली, "भगतानंच देली. अजून पेटते, पाहा." आणि तिने ती पेटवून दाखवली. बाबा, आईने तिला चहा केला! बशीत ओतून दिला, गरम आहे म्हणाली. मी ती बॅटरी उचलली, पोटावर हात धरून मागे गेले आणि विहिरीत फेकली. आई आयुष्यात पहिल्यांदा मला बह्याड म्हणाली, डोकं फिरलं का म्हणाली. म्हणो. तुमचीच पारखलेली होती, विहिरीतही तिच्यात पाणी गेलं नसेल.

तुम्हाला एकच विचारायचं होतं. काहून देली? त्या बाईला हात धरून सोबत चालता आलं नसतं का? एकाच उजेडात दोघं उतरली असती. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, महादेवाच्या दारात गेला. हे ऐकून मला इतका संताप यायचा! मी म्हणायची, महादेवाचं दार तुम्हाला लखलाभ, मला माझा बाप पाहिजे होता. बाळंतपणाला तुम्ही दवाखान्याच्या बाहेर बसणार होते. तसं बोलले होते तुम्ही मला, गाडीत चढताना. बाहेर कोणी बसलं नव्हतं, बाबा. तुमचे जावई येईपर्यंत पोट्टी झालीसुद्धा.

तीच आता नागपुरात दगडधोंड्यांचं शिक्षण घेते, भूगर्भशास्त्र. सुट्टीत घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "आई, या वर्षी मी मंडळासोबत जाऊन राहिली. त्या गुहा मले पाहायच्या हायेत." नाही म्हटलं. आठवडाभर नाहीच म्हणत होते. तिने आवाज चढवला नाही, मला मनवलंही नाही, फक्त एका दुपारी दुकानात येऊन काउंटरपलीकडे गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. "बॅटरी पाहिजे. गुहेत न्यायची. तूच निवडून दे, दुसऱ्याच्या हातची मी नेणार नाई." अगदी तुमच्यासारखी उलट्या खोपडीची.

मग निवडली. तुमची बादली तर गेली, नवी आणली. तिने फोनवर एक दाखवली, अर्ध्या किलोमीटरवर झोत जातो म्हणे. मी म्हटलं, फोकनाड आहे सगळी, नुसत्या बढाया. अर्धा किलोमीटर गुहेत असते कुठे? आणि ढगात पांढरा झगझगीत उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो. पिवळसर पाहिजे. दुसरी नुसती चार्जिंगची होती. तिथे डोंगरात वीज कोण आणून देणार? सेल बदलता आले पाहिजेत, आणि तेही ओल्या, गारठलेल्या बोटांनी. तिसरीचं झाकण उघडून पाणी अडवणारी रबराची रिंग पाहिली, ती वळली होती. चौथी गोल होती, हातातून सुटली तर उतारावरून घरंगळत जाईल. तुमच्यासारखी एकेक बादलीत बुडवली, एकेक फरशीवर पाडली. पोट्टी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि हसत होती. "आई, तू माल इकते का फोडते?" मीही हसले, खोटं कशाला सांगू. इतक्या वर्षांत त्या कामात मला पहिल्यांदा बरं वाटलं.

शेवटी मी जी काढली ती हाताची नव्हतीच. डोक्याला पट्ट्याने बांधायची, खाणीतले लोक लावतात तशी. तिला सांगितलं, तिथल्या कड्यावरच्या लोखंडी शिडीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत. ते खरंच आहे. पण मी ती त्यासाठी निवडली नव्हती. हातातली वस्तू माणूस पटकन दुसऱ्याच्या हातात देऊन टाकतो. डोक्याला आवळून बांधलेली सोडायला थोडा तरी वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात माणसाला घरची आठवण येऊ शकते. पट्टा मी स्वतः तिच्या डोक्यावर बसवला, केस आत घालून, कचकचीत. तिने माझ्याकडे पाहिलं. "मले समजते तू हेच काहून देऊन राहिली," म्हणाली. मग कपाटातून एक साधी हातातली बॅटरीही उचलली. "हे देण्यासाठी." ती साधी बॅटरी पहिल्याच गुहेत कोणाच्या तरी हातात जाणार. त्यानंतर आणखी कोणीतरी अंधारात उभं असणारच, पाऊस काय एकाचीच बॅटरी विझवतो का?

काल फाट्यावर गाडी उभी होती. महादेवाचा गजर चालला होता, मंडळातले म्हातारे तिला तुमची नात म्हणून कौतुकाने पाहत होते. तिने पायरीवर पाय ठेवला आणि मी तिला मागे ओढलं. दंडाला धरून. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुह्या आजोबाची आन हाये तुले. डोक्यावरची कोनाले देजो नको. कोनी रडो, पाया पडो, देजो नको." गजर थांबला. म्हातारे दुसरीकडे पाहायला लागले. तिने माझा हात हळूच सोडवला आणि "हाव आई" म्हणाली. मला गप्प करायला म्हणाली की मनापासून, ते कळलं नाही.

तुमचीच शपथ घातली, बाबा. तुम्ही जे केलं तेच तिने करू नये म्हणून तुमचंच नाव वापरलं. हे तुम्हाला आवडणार नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. कालपासून मी महादेवाला तुमच्या नातीसाठी एकच मागून राहिली आहे, की कोणी कितीही रडलं तरी तिने ती शपथ मोडू नये.