घारे डोळे, घरचं बियाणं

कोडीहाळ, १२ जानेवारी १९९६

ती. चन्नक्कास,
शिवलीलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेले बाळंतिणीचे डिंकाचे लाडू पोचले. अव्वा रोज सकाळी दोन कोंबते, नको म्हटलं तर डोळे वटारते. पोर आता तीन महिन्यांची झाली. रडायला लागली की गल्ली गोळा होते. अप्पा म्हणतात, आवाज थेट आमच्या चन्नीचा उचललाय.

पण अक्का, तिचे डोळे घारे आहेत. आधी वाटलं, लहान आहे, रंग बदलेल. बदलला नाही. मी काळी, तुझे भावजी काळे, आमच्या दोघांचे डोळे कोळशासारखे. शेतात क्रॉसिंगचा, पराग लावायचा हंगाम होता म्हणून सासरच्यांनी पाळणा पुढे ढकलला होता, तो या सोमवारी ठेवला होता. सासूबाई आल्या, पोरीला उचलून अंगणात उन्हात नेलं, बराच वेळ डोळ्यांत बघत राहिल्या, आणि अव्वाच्या मांडीवर टाकली. मग चारचौघांत म्हणाल्या की आम्ही बियाण्याची माणसं आहोत, सरीत एक झाड वेगळं दिसलं की त्यात बाहेरचा पराग शिरला हे आम्हाला कुणी शिकवायला नको, आणि असलं भेसळीचं झाड आम्ही फुलावर येऊ देत नाही, उपटून बांधावर टाकतो.

पानावर वाढलेलं तसंच राहिलं. नाव ठेवलं नाही. तुझे भावजी फक्कीरेश वहाणांकडे बघत उभे होते, मग आईच्या मागोमाग गेले. काल निरोप आला, मी आता माहेरीच राहावं. अक्का, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मी काही केलेलं नाही. अव्वा म्हणते, जाऊन पाय धर. धरू का? तू सांगशील तसं करीन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
शिवलीला

*

बसापूर, १७ जानेवारी

चि. सौ. शिवलीलास,
चन्नक्काचे अनेक आशीर्वाद.

पाय धरायला गेलीस तर याद राख, तंगडं मोडून ठेवीन. पाय धरणं म्हणजे कबुली. पत्र वाचून मी पराग काढायचा चिमटा फेकला आणि तडक घरी आले. माझ्या हाताखालच्या पंचवीस बायका फुलं उघडी टाकून माझ्याकडे बघत बसल्या. बघू देत.

आता नीट ऐक. तुझ्या सासूबाई, निंगव्वा अत्ती, शेतापुरतं बरोबर बोलल्या. कंपनीच्या पाकिटातलं बी पेरलं की सगळी झाडं एका साच्याची येतात. त्यात एखादं वेगळं निघालं तर आमचाच कुणाचा तरी हात चुकलेला असतो. वीस वर्षं मी तेच शिकवते. संध्याकाळी कळीतला पराग काढा, सकाळी दुसऱ्याचा लावा, दोरा बांधा, माशी बसू देऊ नका. म्हणून आपल्या भागातली माणसं वेगळं दिसलं की उपटायला धावतात. पण माणूस काय पाकिटातलं बी आहे? आपण सगळे घरचं बियाणं, एका साच्यात न येणारं!

चार वर्षांपूर्वी मी न्हाणीमागे हिरव्या वांग्यावर जांभळ्याचा पराग लावला होता. पहिल्या खेपेला सगळी वांगी जांभळी. आमचे हे, तुझे मावा, हसले, म्हणाले, तुझं हिरवं वाहून गेलं. मी हट्टाने त्याच जांभळ्यांचं बी धरून पेरलं. सोळा रोपांत चार हिरवी! म्हणजे ते गेलं नव्हतं, जांभळ्याच्या पोटात दडून बसलं होतं. आमच्या बियाण्याच्या सरांना विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं. प्रत्येक झाडात एका गुणाचे दोन वाटे असतात, एक आईचा, एक बापाचा. जांभळा वाटा दांडगा, तो एकटा असला तरी तोच दिसतो. हिरवा लाजरा. दोन्हीकडून हिरवाच आला तरच तो तोंड दाखवतो. आणि चारात एक म्हणजे पाळी लावून नव्हे, दर बियाला नशीब नव्याने.

घाऱ्या डोळ्यांचंही बहुतेक असंच असतं म्हणाले. आपले अज्जा आठव. गावाने मांजरअज्जा नाव पाडलं होतं ते उगीच? त्यांचा वाटा अप्पांत दडला, अप्पांचा तुझ्यात. आता यातली गोम बघ. पोरीचे डोळे घारे व्हायला तुझ्या एकटीचा वाटा पुरत नाही. फक्कीरेशचाही लागतो. तेव्हा त्या घरातही कुणीतरी घारं होऊन गेलंय. कोण, ते मी शोधून काढते. तू नीट जेव, पोरीला पाज, आणि रडायचं काम तिच्यावर सोड.

सदैव तुझ्या पाठीशी,
चन्नक्का

*

बसापूर, १८ जानेवारी

ती. निंगव्वा अत्तींच्या सेवेशी,
बसापूरच्या चन्नव्वाचा कृतानेक नमस्कार. वि. वि.

माझ्या बहिणीच्या लेकीला आपण भेसळ म्हणालात. भेसळ मीही ओळखते, माझं पोट त्यावर चालतं. पण झाड उपटायच्या आधी आपण दोन्ही बांध बघतो, हे आपल्याला मी सांगायला नको. आमच्या बांधावर आमचे अज्जा सापडले, घाऱ्या डोळ्यांचे. आता आपल्या बांधावर कोण होतं, तेवढं विचारायचं आहे.

त्यासाठी पुढच्या शुक्रवारी मी येते. आपल्या भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून ठेवावं. सोबत माझ्या क्रॉसिंगच्या सहा बायका असतील, त्यांना पराग चांगला कळतो. आपल्याकडे तसं कुणीच नव्हतं असं निघालं, तर मी भर अंगणात माफी मागेन आणि बहीण माझ्या घरी नेईन, जड नाही ती मला. निघालं, तर मात्र पाळणा तुम्ही हलवायचा.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर क्षमा असावी. पण घास गिळणार नाही.
आपली,
चन्नव्वा

*

हिरेहोळ, २३ जानेवारी

चि. सौ. शिवलीलास,
निंगव्वाचा आशीर्वाद. तुला तो घ्यावासा वाटला तर.

तुझ्या अक्काचं पत्र आलं. तिला शुक्रवारी येऊ नको म्हणून कळवलं आहे. म्हाताऱ्यांना विचारून उपयोग नाही. त्यांना काही माहीत नाही. मीच माहीत होऊ दिलं नाही.

मी चौथी शिकले आहे, म्हणून हे कुणाकडून न लिहवता स्वतः लिहिते. माझ्या आईचे डोळे घारे होते. गावात कुणाची म्हैस आटली की माझ्या आईने बघितलं म्हणायचे. माझी सोयरीक जुळली तेव्हा वडील म्हणाले, वऱ्हाडापुढे तुझ्या आईला आणायचं नाही. तिला कडब्याच्या खोलीत बसवलं. बाहेरून कडी मी लावली. तिने मला लावायला हळदीचा हात तेवढा दाराच्या फटीतून बाहेर काढला. अक्षता पडल्या तेव्हा ती आतच होती. पुढे दोन वर्षांत गेली. मी इकडे सांगितलं, आई लहानपणीच वारली.

त्या दिवशी उन्हात पोरीने डोळे उघडले, आणि माझी आई माझ्याकडे बघत होती. शिवलीला, मी क्षणात ओळखलं. तुझा दोष नाही हे तिथे एकट्या मला माहीत होतं. तरी मी ते बोलले, कारण तुझ्यावर ढकललं नसतं तर माझ्याकडे आलं असतं. तुझी अक्का म्हणते दुसरा वाटा कुणाचा शोधा. तो माझा आहे.

काल भावकीला बोलावलं आणि सगळ्यांपुढे हे सांगितलं. जावा तोंडावर पदर धरून बसल्या. बसोत. फक्कीरेशला विचारलं, आईच्या तोंडाकडे बघून बायकोला टाकणारा तू कुठला नवरा? तो रडला. पण रडल्याने सुटत नाही, तेव्हा सोमवारी त्याला बरोबर आणते. घरात घ्यायचं की उंबऱ्याबाहेर उभं करायचं, ते तू ठरव. मलाही.

तू आत घेतलंस, तर पाळण्याची दोरी माझ्या हातात दे. नाव मी ठेवणार, आणि कानात नाही, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं. होळेव्वा. माझ्या आईचं नाव आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघते.
निंगव्वा, होळेव्वाची लेक