सरकारी टेबल सोडताना

पुणे,
नोव्हेंबर १९९९

प्रिय दीपा,

तुझं पत्र मिळालं. आबांनी लिहायला लावलं असणार, हे पहिल्याच ओळीत कळलं. 'ताई, नोकरीवर परत जायचा शांतपणे विचार कर' हे तुझं वाक्य नव्हे. शांतपणा माझ्यापाशी नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुला उत्तर लिहायला बसते आणि दहा ओळींत उठते. खिडकी उघडते, लावते. आमचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्या. खालचा पट्टा सुरू झाला की टेबलं थरथरतात, आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवरची चादर झटकली की पीठ उडतं. मुंबईत एसीत बसणारी बाई इथं काय करतेय, असं तुलाही वाटत असेल. मलाही दिवसातून दोनदा वाटतं.

मी नोकरी का सोडली हे तुला नीट कधी सांगितलंच नाही. सागवानाची ती योजना आठवते? झाडं लावा, वीस वर्षांनी श्रीमंत व्हा. मिरजगावात आईच्या मैत्रिणीनं, छबूबाईनं, तिच्यात पैसे घातले होते. ती कंपनी बुडाली तेव्हा गुंतवणूकदारांच्या तक्रारी बघणाऱ्या आमच्या कार्यालयात चौकशी माझ्याच टेबलावर आली. सुनावणीला कंपनीचा संचालक इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी कागद पुढं ठेवला, तर म्हणाला, "मॅडम, ही सही माझी नाहीच." बस्स. कागद हस्ताक्षर तपासणाऱ्यांकडे गेला, तिथून तारीख, तारखेवर तारीख. मग मी आदेश लिहिला. चांगला लिहिला, साहेबांनी कौतुकही केलं. पण तोवर ना कंपनी होती, ना झाडं. पुढच्या वेळी गावी गेले तर छबूबाई म्हणाली, "यशू, तू तर लई मोठी साहेब हाईस म्हनं. मग आधी का न्हाई सांगितलंस?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. आमचं सगळं कामच वरातीमागून घोडं. त्यानंतर एकही आदेश मला पूर्वीसारखा मन लावून लिहिता आला नाही.

त्याच दिवसांत राधाकृष्ण नावाचे एक गणिताचे माणूस आमच्या कार्यालयात त्यांचं सॉफ्टवेअर दाखवायला आले. प्राध्यापकी सोडलेले, बोलताना समोरच्याऐवजी भिंतीकडे बघणारे. क्रिप्टोग्राफी म्हणजे मजकूर गुप्त करायचं शास्त्र, एवढंच मला ऐकून माहीत होतं. त्यांनी त्याच शास्त्रातून सही करून दाखवली. प्रत्येकाकडे आकड्यांच्या दोन किल्ल्या. एक स्वतःपाशी लपवायची आणि तिनं सही करायची, दुसरी जगाला द्यायची आणि तिनं ती सही तपासायची. नंतर मजकुरातलं एक अक्षर जरी हललं तरी सही जुळत नाही. बाकीचे साहेब घड्याळ बघत होते. मी विचारलं, "आणि माझी किल्ली चोरीला गेली होती, असं सही करणारा कोर्टात म्हणाला तर?" राधाकृष्ण पहिल्यांदा भिंत सोडून माझ्याकडे वळले. जाताना म्हणाले, "आमचं गणित पक्कं आहे, पण आम्ही सांगितलं की लोकांना झोप येते. बँकांना, सरकारला कायद्याच्या भाषेत सांगेल असं कुणी आमच्याकडे नाही. तुम्ही याल?" मी हसण्यावारी नेलं. पण ते डोक्यातून जाईना. चार महिन्यांनी राजीनामा दिला.

आबांना सांगायला दसऱ्याला गेले होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना आटोपून ते विहारातून आले, पांढऱ्या सदऱ्यात, खुशीत. मी सांगितलं. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, गर्दीला आवाज चढवायची सवय असलेला, पण त्या दिवशी अगदी हळू बोलले. "नवं काम काय म्हनलीस? बिझनेस... म्हंजे विकायचं?" मी म्हटलं, हो, विकायचंच. तर म्हणाले, "तुझ्याकडं बघून वस्तीतल्या पोरी कॉलेजात गेल्या. ते टेबल काय तुझं एकटीचं हुतं व्हय? किती जनांनी काय काय सोसलं, तवा आपलं मानूस तिथवर गेलं." आई आतून म्हणाली, "आवो, पोरगी जेवली न्हाई अजून." त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोललेले नाहीत. ते म्हणाले त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

मग मागच्या आठवड्यात शेवगावला गेले, एका पतसंस्थेत. अध्यक्ष रंगनाथराव. पूर्वी माझ्या कार्यालयात असली माणसं माझ्यासाठी उठून उभी राहायची. इथं मी मांडीवर कॉम्प्युटर घेऊन दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर. आत गेले तर म्हणाले, "बाई, आमच्याकडं शिक्का आहे, सही ओळखणारा कॅशियर आहे. तुमचे आकडे घेऊन काय करू?" मग आडनाव विचारलं. मग गाव. मग, "मिरजगावात कुठं?" हा प्रश्न कुठं चाललाय हे तुला सांगायला नको. नावापुढं विधी अधिकारी लिहिलेलं होतं तोवर मला तो कुणी विचारला नव्हता. ते पद म्हणजे काय होतं, आबा कशाबद्दल बोलत होते, ते रंगनाथरावांसमोर बसून कळलं. मी म्हटलं, "नव्या वस्तीत, बुद्धविहाराच्या मागं." आणि तसाच कॉम्प्युटर उघडला. त्यांनाच एक वाक्य लिहायला लावलं, त्यांच्या नावानं तिथंच बनवलेल्या किल्लीनं सही करवली, आणि मग त्यांच्यासमोर त्यातलं एक अक्षर बदललं. सही जुळत नाही, असं पडद्यावर आलं. ते पुढं सरकले. "परत करा." परत केलं. "आता मी बदलतो." त्यांनी बदललं, तरी तेच. शेवटी म्हणाले, "आधी कायदा तर होऊ द्या, मग बघू." विकलं काहीच नाही. पण नगरच्या गाडीत बसले तेव्हा मी हसत होते. एवढी जागी मी कित्येक वर्षांत नव्हते.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मी परत जाणार नाही. असल्या सहीला मान्यता देणाऱ्या कायद्याचं विधेयक पुढच्या महिन्यात संसदेत येईल म्हणतात. आलं नाही तर ही कंपनी गिरणीवाल्याला जागा परत देऊन बंद होईल, तरीही नाही.

पण आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझ्या जागेची जाहिरात परवा निघाली. राखीव आहे. लेखी परीक्षा, मग मुलाखत. तुझ्याकडे वकिलीची सनद आहे, वयही बसतं, आणि राहात्याच्या कोर्टात तू दुसऱ्या वकिलांसाठी पुढच्या तारखा मागत उभी असतेस. तुझ्या महेंद्ररावांची बदली मुंबईला मागता येईल का, घरचे काय म्हणतील, हे सगळं तू मनात मोजायला लागली असशील, मला माहीत आहे. ते नंतर मोज. मी निघाले त्या दिवसापासून ती खुर्ची मला रिकामी दिसतेय, आणि तिच्यात तुझ्याशिवाय कुणी दिसत नाही. तू माझ्याहून शांत आहेस. छबूबाईला जे मी देऊ शकले नाही ते तू धीरानं देशील, वेळेवर. यात माझा स्वार्थ आहे हेही लपवत नाही. तुझी निवड झाली तर कदाचित आबा माझ्याशी बोलतील. पण अर्ज त्यांच्यासाठी करू नकोस, माझ्यासाठीही नको. जाहिरातीचं कात्रण सोबत जोडलंय. अभ्यासाची पुस्तकं घेऊन रविवारी मी राहात्याला येतेय. नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण.

तुझीच,
यशूताई