मागच्या रांगेतून

१४ ऑक्टोबर
सकाळचे अकरा

प्रिय नकटू,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मागच्या आठवड्यात मिळालं. दरवर्षी दोन ओळी येतात, यंदा सहा आल्या, म्हणून आधी खूश झाले आणि वाचता वाचता खुर्चीत बसले. तुझी लेक नऊ वर्षांची झाली, व्हायोलिन शिकायचं म्हणून हटून बसलीय आणि तू नाही म्हणालीस. पुढे लिहिलंस, "तो शेवट मी वाजवला होता की नव्हता, हे आता माझं मलाच नक्की आठवत नाही. अशा आईनं मुलीला वाजवू कसं द्यायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे. याच पत्रात देते. पण आधी घरचं सांगू दे. एकदम तिथे हात घालायचा धीर होत नाही.

माझा उजवा गुडघा सारखे जिने चढू देत नाही, म्हणून मी खालच्या खोलीत झोपते. दादा वरच राहतो. एकोणऐंशीचा झाला तुझा बाबा. धंद्यातलं दुसरं विमानही गेल्या महिन्यात विकलं, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेनं घेतलं. आपले मिस्तरीकाका निरोप घ्यायला आले होते. इंजिनाला शेवटचं तेल घालून आलो म्हणाले आणि मग चहा पिता पिता मला म्हणतात कसे, बाई, तुमच्या ऑफिसातल्या पंख्याइतकं कुरकुरणारं मशीन मी तीस वर्षांत दुसरं पाहिलं नाही, आणि तेवढ्यालाच तुम्ही मला कधी हात लावू दिला नाहीत. आम्ही दोघं हसलो. दादा समोरच होता, त्याला काही कळलं नाही.

त्याच्या दोन्ही कानांना आता यंत्रं आहेत. बहुतेक वेळ ती टेबलाच्या खणात असतात. माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटतात म्हणतो. रेकॉर्ड लावून त्याला तीन वर्षं झाली. मी शनिवारी त्यांच्यावरची धूळ तेवढी पुसते. आमचं बोलणं ओरडून चालतं, म्हणून गरजेपुरतंच होतं. दूध आलं का, गोळी घेतलीस का, दार लावलंस का. ओरडून दुसरं काही बोलता येत नाही गं. मनातलं बोलायला आवाज खाली आणावा लागतो, आणि तो खाली आणला की त्याला पोचत नाही.

तू म्हणशील, आत्या, त्याचं म्हातारपण मला का ऐकवतेस. ऐकवते, कारण हे म्हातारपणात सुरू झालं नाही.

तुला आठवत असेल, प्रवासी विमानांची नोकरी सोडून त्यानं माल नेण्याचा धंदा काढला तेव्हा सगळे त्याला वेड्यात काढत होते. तो म्हणायचा, पार्सलं तक्रार करत नाहीत आणि खिडकीची जागा मागत नाहीत. औषधं, वर्तमानपत्रं, यंत्रांचे सुटे भाग, जे मिळेल ते नेलं. आणि दोन्ही इंजिनं तो कानानं जुळवायचा. दोन्हींच्या पंख्यांचा वेग केसभर जरी वेगळा असला तरी आवाजात एक हेलकावा येतो. तो दांडा जरासा पुढेमागे करायचा, आणि हेलकावा थांबून एकच सूर राहिला की खूश होऊन शीळ घालायचा. मिस्तरीकाका सांगत सुटायचे की काटा चुकेल, साहेबांचा कान चुकणार नाही. व्हायोलिन स्वतः शिकायचं राहून गेलं, बोटं जाड म्हणून मास्तरांनी परत पाठवलं होतं, ते सगळं त्यानं तुझ्यात ओतलं. वहिनी गेल्यावर त्या घरात जे काही हसणं होतं ते तुझ्या सरावाच्या वेळेतच होतं. मी चार आठवड्यांसाठी म्हणून आले होते. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस.

तुझ्या त्या कार्यक्रमाच्या वर्षी त्यानं कोंबडीची एक दिवसाची पिल्लं नेली, पन्नास खोकी. उतरल्यावर मी कागद घेऊन विमानापाशी गेले तर आतून नुसता चिवचिवाट, कान किटले माझे. आणि दादा उतरता उतरता म्हणाला, हल्लीची पिल्लं शहाणी झालीत, वाटेत चूं केलं नाही. मिस्तरीकाकांना ती थट्टा वाटली. मला नाही वाटली.

पंधरा दिवसांनी त्याच्या तपासणीचा अहवाल टपालानं आला. टपाल मीच फोडायची. उड्डाणाला योग्य, बोलणं, रेडिओ, इंजिन सगळं नीट ऐकू येतं. पण मागे कानांचा वेगळा कागद जोडलेला होता. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेले आहेत, विमानाच्या कामाला त्यांची गरज नाही, तरी संबंधितांना कल्पना द्यावी. मी योग्यतेचा दाखला त्याच्या टेबलावर ठेवला आणि तो दुसरा कागद विम्याच्या फायलीत, अगदी तळाला.

दोन महिन्यांनी तुझा कार्यक्रम झाला. आम्ही शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. आवाज मागे येऊन मुरतो, असं त्याचं म्हणणं असायचं. तुझ्या शेवटच्या रचनेच्या अखेरीला बोट तारेवर दाबायचं नव्हतं, नुसतं टेकवायचं होतं, त्यातून अगदी बारीक, उंच सूर निघतात. लोकांनी श्वास धरला होता. मग टाळ्या झाल्या. दादानं वाजवल्या नाहीत.

रंगमंचामागच्या खोलीत आपण तिघंच होतो. पुढचं तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण माझा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

"शेवटी तू नुसता गज फिरवलास," तो म्हणाला. "वाजवायची छाती झाली नाही तर थांबायचं होतं. लोकांना फसवायचं नाही."

त्याच्या कानावर तुझा स्वतःच्या कानापेक्षा जास्त विश्वास होता. तू माझ्याकडे वळलीस. "आत्या, तू सांग ना. आलं ना ऐकू?"

मी म्हणाले, माझं लक्ष नव्हतं गं.

तीन महिन्यांत तू घर सोडलंस. त्याला एकोणीस वर्षं झाली.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की त्याचं मन राखलं. संगीत गेलं असतं तर तो कोसळला असता. हे खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर कबुली अर्धी सोडू देत नसत. पुरतं खरं हे की दर गुरुवारी तो गाण्यावाजवण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं आणायचा. मी इस्त्रीची साडी नेसून दोन तास कुणाच्या तरी शेजारी बसायची. त्याला कानांचं कळलं असतं तर तिकिटं थांबली असती. एवढ्यासाठी, नकटू. माझ्या गुरुवारसाठी मी तुला खोटं पडू दिलं.

परवा तुझं कार्ड आणि कानांचा तो कागद घेऊन मी जिना चढले. त्याला यंत्रं लावायला लावली. त्यानं आधी कार्ड वाचलं, मग कागद, मग कागदावरची तारीख.

"तू ऐकलंस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"कसं होतं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. हळू होतं, वर वर जात होतं, असं काहीबाही. इतक्या वर्षांत त्याच्या शेजारी बसून मला चार शब्द धड सांगता आले नाहीत. त्यानं हातानं थांबवलं आणि यंत्रं काढून ठेवली. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. ताट वर नेऊन ठेवते, रिकामं खाली आणते. काल तुझा पत्ता मागितला, तोही चिठ्ठीवर लिहून. मी दिला. तो लिहील की नाही, मला ठाऊक नाही. त्याचं पत्र आलंच तर त्याआधी हे तुझ्या हातात पडावं, म्हणून आजच टाकते आहे.

आता तुझं उत्तर. तो शेवट तू वाजवला होतास. एकही सूर गेला नाही. शेवटचा तर इतका लांबला की तो संपला कधी ते माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईलाही कळलं नाही, तिनं टाळ्यांना हात उचलून तसेच धरून ठेवले होते. तुझ्या बाबाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. मला ऐकू आलं होतं.

मुलीला शिकू दे. मला उत्तर लिहायला तुला जड जाईल, ते मला समजतं. पण त्याला लिही. त्यानं मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही, ते तूच त्याला सांगू शकशील. अक्षर जरा मोठं काढ.

त्या खोलीत तुझ्या बाजूनं बोलायला हवी होती ती,
तुझी
आत्या