खालच्या खोलीचा कोबा

दि. ९ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे. जिभेला मुळात कधी काही झालेच नव्हते. तुझी नवी नोकरी मानवली असेल, अशी आशा आहे.

पत्रास कारण की, खालच्या खोलीचे काम मी हाती घेतले आहे. तू कोब्याला रंग दिलास आणि पुढचे सगळे तसेच राहिले. रंगावर चढलेली भुकटी न धुता, वर सीलरचा पारदर्शक संरक्षक थर न देता तो कोबा आणखी वर्षभर पडून राहिला असता, तर तुझी सारी मेहनत पायाखाली झिजून गेली असती. ते मला पाहवेना.

आधी मी पुष्कळ वाचले. हा रंग भिंतीच्या रंगासारखा वर बसत नाही, हे तू मला सांगितले होतेस. पण त्यातले रसायनशास्त्र आता कुठे नीट उमगले. त्यातले आम्ल आणि क्षार सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावतात, आणि जो रंग तयार होतो तो काँक्रीटच्या अंगातलाच असतो. म्हणून तर कुठे मधासारखा, कुठे कोऱ्या चहासारखा, आणि कोणतीही दोन ठिकाणे सारखी नाहीत. पस्तीस वर्षे मी मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवले, पण इतका देखणा प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत कधी झाला नाही.

प्रथम खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारले. मग पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुतले. सासूबाई म्हणाल्या, "लग्नापासून आजवर एक बशी विसळली नाहीत, आणि आता जमिनीला अभ्यंगस्नान!" वाळल्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी त्याच्या आत दव दिसले नाही, म्हणजे खालून ओल येत नाही. ओल्या काँक्रीटवर सीलर दिला तर तो पांढुरका पडतो आणि पुढे पोपडे धरतो. एवढ्या तयारीनंतर काल रोलर हातात घेतला.

आणि इथे तुझ्या सासऱ्याने काय पराक्रम केला, तो ऐक.

ओल्या सीलरमध्ये सुटलेली जागा उजेडाकडे तोंड केले तरच दिसते. म्हणून मी शास्त्रशुद्ध विचार करून दारापासून सुरुवात केली आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडे तोंड ठेवून खिडकीच्या दिशेने मागे मागे सरकत गेलो. थर पातळ, कड ओली असतानाच पुढचा पट्टा, कुठेही डबके नाही. काम इतके सुरेख चालले होते की शेवटचा पट्टा संपेपर्यंत माझ्या ध्यानातच आले नाही: दार त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये संपूर्ण ओली जमीन आणि मागे गज लावलेली खिडकी.

बादली पालथी घालून कोपऱ्यात बसलो. सासूबाई अंगणातून खिडकीशी आल्या. मला पाहून आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "अहो मास्तर, पोरांना सांगायचात ना, आधी शेवट बघा मग सुरुवात करा?" गजांतून चहाचा कप आत आला. वर टोमणा, "बसा आता, कोपऱ्यात उभं केलेल्या पोरांचे शाप फळले!"

पण सूनबाई, त्या कोपऱ्यात बसलो नसतो तर तुझे काम मला दिसलेच नसते. नजर जमिनीलगत आली तेव्हा कळले की तू कुंचला सरळ न ओढता गोल फिरवला आहेस, म्हणून कुठेही फटकाऱ्याची रेघ नाही. पाण्याच्या नळीमागे, जिथे कुणी कधी वाकून पाहणार नाही, तिथेही रंग तितक्याच निगुतीने भिंतीपर्यंत नेला आहेस. त्या दिवसांत या घरात तुझे काय चालले होते, ते आम्हाला ठाऊक आहे. तशा दिवसांतही तुझा हात कुठे घाईला आला नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. चिरंजीवांचा. एरवी त्याचा फोन आला की मी तो हिच्या हाती देतो आणि बागेत जातो, हे तू पाहिले आहेस. काल जायला जागाच नव्हती.

"बाबा, खालची खोली रिकामीच आहे ना? जानेवारीत आम्ही तिकडे येतोय. तिथं ऑफिस टाकतो."

त्याने 'आम्ही' म्हटले. मी काही विचारले नाही. तुलाही हे माझ्याकडूनच कळावे, म्हणून लिहिले.

"तो डागाळलेला कोबा तेवढा काढून टाका," तो म्हणाला.

"तो निघत नाही. अंगात गेलेला रंग आहे. काढायचा तर काँक्रीट खरवडावे लागेल."

"मग वरून टाइल चिकटवू. त्यात काय एवढं?"

"चिकटवता येतील," मी म्हणालो, "पण त्या खोलीत तिचा बालवर्ग भरायचा आहे. खोली तिला दिली आहे."

"बाबा, कोर्टाचा निकाल लागलाय. ती आता आपली कोण?"

खिडकीतून हिचा हात आत आला होता, फोनसाठी. या वेळी मी तो दिला नाही. तिथूनच ती ओरडली, "त्याला म्हणावं, तुझी कुणी नसेल! आपली म्हणू नकोस!"

मी त्याला एवढेच सांगितले, की वरची तुझी खोली तुझीच आहे, केव्हाही ये, ज्यांना घेऊन यायचे त्यांना घेऊन ये. खाली ऑफिस होणार नाही. त्याने फोन ठेवला. जमीन पाय ठेवण्याजोगी वाळेपर्यंत आम्ही दोघे गजांच्या दोन्ही बाजूंना बसून होतो.

आता एक प्रश्न. सीलरचा दुसरा थर बाकी आहे. मुले धावणार असतील तर त्यात घसरू नये अशी बारीक भुकटी मिसळावी लागते. कोणी धावणार नसेल, तर तिची गरज नाही. हे मला ठरवता येत नाही. तुझे उत्तर येईपर्यंत थर थांबवला आहे. उशीर झाला तर आधी पॉलिश पेपर मारावा लागेल, तो मारीन.

या घराचा उंबरा तुला नकोसा झाला असेल, तर तसे मोकळेपणाने लिही. आम्ही वाईट वाटून घेणार नाही, म्हणजे वाटेल, पण तुझ्यावर राग धरणार नाही. खोली तरीही तुझ्याच नावाने मोकळी राहील.

तुला मान्य असेल त्या नात्याने,
बाबा